निघण्यापूर्वीची टकटक

प्रिय टॅम्सिन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे चुलीत टाकायच्या आत पहिली ओळ तरी वाच: मी येत नाहीये. तुमच्या फाटकाशी माझी गाडी उभी नाही, ओढ्यात कोणी रुतलेलं नाही, तुझ्या मालकिणीला ट्रॅक्टर बाहेर काढावा लागणार नाही. "पुन्हा असा न विचारता उगवलास ना रीस, तर फाटकाबाहेरूनच परत धाडीन," हे तुझं वाक्य मला पाठ आहे. ते म्हणताना तुझ्या गालावर माझ्याच गाडीच्या चाकाने उडवलेला चिखल होता, हेही. तेव्हा घाबरू नकोस. त्या दोन्ही पोरांना पाढे लिहायला बसव आणि सावलीत बसून निवांत वाच.

मी पॉपबरोबर रस्त्यावर आहे. माझ्या आजोबांना तूही पॉपच म्हणायचीस, आणि म्हातारा अजून विचारतो, "ती डोकं असलेली पोरगी काय म्हणते?" म्हणजे डोकं नसलेलं कोण, ते मी समजून घ्यायचं. गेल्या हिवाळ्यात आमची नॅन आजी गेली, तेव्हापासून त्यांची कॅरॅव्हॅन, गाडीमागे ओढायचं ते चाकांवरचं घर, अंगणात ताडपत्रीखाली पडून होती. पॉपना गाडी हाकता येते, पण कॅरॅव्हॅन मागे घेताना कुणीतरी मागे उभं राहून हात दाखवावे लागतात, आणि ते काम जन्मभर नॅनचं. तू वर्षभरासाठी त्या गुरांच्या कुरणावर पोरांना शिकवायला गेलीस, मी भर सत्रात कॉलेजला लाथ मारून तुझ्यामागे आलो, तू मला हाकललंस, आणि मी घरी येऊन दारं आपटायला लागलो. शेवटी आई म्हणाली, "दारं मोडायच्या आत माझ्या बापाच्या मागे जाऊन उभा राहा. तेवढं तरी जमेल." तर मी मागे उभा आहे.

तेही जमत नाही म्हणा. दुपार कलली की मुक्कामाच्या जागी एकेक कॅरॅव्हॅन येऊन लागते. आधी आलेली मंडळी घडीच्या खुर्च्या गोल मांडून, हातात थंड बियर घेऊन बसलेली असतात. नवी गाडी मागे घ्यायला लागली की त्यांचा फुकटचा तमाशा सुरू. जन्माची जोडपी तिथे घटस्फोटापर्यंत येतात. पहिल्या दिवशी मी डावा हात दाखवला, पॉप उजवीकडे गेले, आणि आमची मागची बाजू पाण्याच्या नळाला जाऊन टेकली. पॉपनी खिडकीतून डोकं काढलं, "हात दाखवतोयस की माश्या हाकलतोयस?" खुर्च्यांवरून टाळ्या. त्यातली नोरीन नावाची एक म्हातारी, पायात लोकरीचे मोजे आणि मांडीवर कुत्रं, मला न्याहाळून म्हणाली, "अरे, हाच का तो? ओढ्यात रुतलेला प्रेमवीर?" टॅम्सिन, इथे वाटेत आम्हाला कोणी ओळखत नाही असं समजू नकोस. या रस्त्यावर प्रत्येक गाडीत एकमेकांशी बोलायचा रेडिओ आहे आणि बातमी आमच्यापुढे धावते आहे. मी चिडून म्हणालो, "रुतलो, पण पोचलो तरी!" तर ती थंडपणे म्हणाली, "पोचलास खरा. पण तुला बोलावलं कुणी होतं?" मी खुर्ची उचलली आणि जाऊन गाडीत बसलो. थोड्या वेळाने तिनेच राखेत भाजलेल्या पावाचा तुकडा, वर काकवी ओतून, खिडकीतून आत दिला. "खा. रिकाम्या पोटी रुसू नये."

दिवस कसे जातात ते सांगता येणार नाही, कारण ते जातच नाहीत. रस्त्याला वळण नाही. समोर पाणी चमकतं, त्यात डांबर तरंगतं, आपण जवळ जातो तसं पाणी मागे सरतं. लाल माती हळूहळू कपड्यांत, पावात, नखांत येते आणि मग ती वेगळी वाटेनाशी होते. समोरून येणारा प्रत्येक माणूस स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो, आपणही उचलायचं. दिवसभरात एवढीच काय ती ओळखदेख. मागे कॅरॅव्हॅनमध्ये झाकणाच्या बादलीत आमचे कपडे साबणाच्या पाण्यात हिंदकळत असतात. पन्नास-साठ मैल खडबडीत रस्ता झाला की धुऊन निघतात. त्या बादलीचा आवाज ऐकत उघड्या डोळ्यांनी झोप लागते. अशाच झोपेत तू मला दिसलीस. रस्त्याच्या कडेला, पिवळ्या शर्टात, वाट पाहत उभी. मी ओरडलोच, "पॉप, थांबवा!" गाडी थांबली. ते माणसाएवढं वारूळ होतं. तुला माहीत आहे, येणारे-जाणारे त्या वारुळांना जुने शर्ट, टोप्या घालून जातात. पॉपनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पोरगी चांगली आहे," म्हणाले, "पण मुंग्या फार." मग कितीतरी वेळ ते एकटेच हसत होते. नॅन गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, म्हणून त्या वारुळावर माझा राग नाही.

मागून लांबलचक ट्रक येतात, त्यांना पुढे जाऊ द्यायचं असतं. पॉप रेडिओवर सांगतात, "ये बाबा, समोर मोकळं आहे." ट्रकवाला धुळीचा डोंगर उडवत निघून जातो आणि बोलत काहीच नाही. माइकचं बटण तेवढं दोनदा दाबतो. टक, टक. ऐकलं, पोचलं, एवढाच त्याचा अर्थ. मला आधी हे उर्मटपणाचं वाटायचं. आता त्या आवाजासाठी मी कान देऊन बसतो.

आणि आता पॉपच्या टकटकीबद्दल सांगतो. रोज सकाळी कपाटांना कड्या लावून, पायरी आत ढकलून, कॅरॅव्हॅन गाडीला जोडून झाली की ते मागे चालत येतात आणि बोटांच्या सांध्यांनी तिच्या पत्र्यावर दोनदा ठोकतात. मग कान तिरका करून उभे राहतात. आत कोणी नसतं. मी पुढच्या सीटवर बसलेलो असतो, इंजिन चालू असतं. तरी ते उभे राहतात. मग टोपी नीट करतात आणि येऊन बसतात.

याचं मूळ मला नोरीनकडून कळलं, कारण ती आणि नॅन जुन्या मैत्रिणी. आईच्या जन्माआधी पॉप आणि नॅन याच रस्त्याने चालले होते. नॅनचं डोकं दुखत होतं म्हणून ती मागे कॅरॅव्हॅनमध्ये आडवी झाली होती. चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये बसायला आता मनाई आहे, तेव्हा कोणी विचारत नसे. वाटेत टायर बघायला पॉप थांबले. तेवढ्यात ती उतरून झुडपाआड गेली. पॉपना पत्ता नाही. टायरला लाथ मारली, बसले, निघाले. शिट्टी वाजवत चहाच्या थांब्यापर्यंत गेले, दोन कप ओतले आणि हाक मारली. उत्तर नाही. परत फिरले तेव्हा नॅन त्या माळावरच्या एकुलत्या झाडाखाली अनवाणी बसली होती. दोन गाड्या तिला न्यायला थांबल्या होत्या, पण ती हलली नव्हती. "माझा माणूस येईल," तिने त्यांना सांगितलं होतं, "जरा मंद आहे, पण येईल." पॉप आले, तेव्हा मात्र ती रागावली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "इतका रस्ता माझ्याशिवाय तोडलास, आणि मी सोबत नाही हे तुला जाणवलंसुद्धा नाही?" त्या दिवसापासून पॉप निघण्यापूर्वी ठोकायचे, आणि नॅन आत असो, बाहेर असो, कुठूनतरी दोनदा ठोकून उत्तर द्यायची. पत्र्यावर, कपावर, झाडाच्या खोडावर. मगच गाडी हलायची.

मला हे ठाऊक नव्हतं तेव्हाची गोष्ट. एका सकाळी ऊन चढायला लागलं होतं, माझं डोकं तापलेलं होतं (तुझ्या त्या पाठ झालेल्या वाक्याचं उत्तर मनातल्या मनात देत होतो), आणि पॉप आपले मागे उभे. मी खिडकीतून ओरडलो, "कुणाची वाट बघताय? आत कोणी नाहीये!" शेजारच्या कॅरॅव्हॅनवाल्यांनी माना वळवल्या. झाडावरचे गुलाबी काकाकुवे उडाले. पॉप हळूहळू चालत माझ्या खिडकीशी आले. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. ते म्हणाले, "माहीत आहे रे, आत कोणी नाही. वर्ष होत आलं. मी काही वेडा झालेलो नाही." मग गाडीच्या दारावरची धूळ हाताने पुसत राहिले. "पण विचारल्याशिवाय निघायचं नाही, हे मी तिला कबूल केलंय. उत्तर देणं न देणं हा तिचा प्रश्न. ठोकायचं काम माझं." मग आम्ही निघालो. मागे बादली तेवढी डचमळत होती. मला सारखं आठवत होतं, की तुझ्याकडे येताना मी सहाशे मैल तोडले, ओढा दिसत असून गाडी घातली, आणि त्या सगळ्या वाटेत तू मला यायला सांगितलेलं नाहीस, हे मला एकदाही जाणवलं नव्हतं. मी तुझ्याकडे येत होतो, पण तू गाडीत नव्हतीस, टॅम्सिन. मी तुला आधीच कुठेतरी मागे सोडून आलो होतो.

कॉलेजला परत जाईन असं लिहून तुला खूष करता आलं असतं. पण ते ठरलेलं नाही, आणि खोटं लिहिणार नाही. तुझ्यावर माझं प्रेम आहे, ते मात्र ठरलेलं आहे.

आता हे पत्र कशाला, ते सांगतो. आम्ही हमरस्त्यावर आहोत, तुमच्या कुरणाची वाट जिथे फुटते त्या झाडांखालच्या मुक्कामावर. फाटक इथून अजून अर्ध्या दिवसावर आहे, आणि मी त्या वाटेवर चाक घातलेलं नाही. टपालगाडीच्या लोरेनला हे पाकीट नेशील का म्हणून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "या खेपेला कागदच पाठवतोयस ना? शहाणा झालास की गाडी बिघडली?" ती तुमची सगळी कुरणं फिरून परत या वाटेने येईल तोवर पॉप थांबायला तयार आहेत, मग आम्ही पूर्वेला वळू आणि मी तुला पुन्हा त्रास देणार नाही. रेडिओवर तू काही बोलू नकोस, अख्खा मुलूख कान लावून बसलेला असतो, त्यात नोरीन पहिली. मी येऊ नये असं वाटत असेल तर काहीच करू नकोस, पोरांचे पाढे तपास. पण मी यावं असं वाटलं, तर पडवीतल्या त्या रेडिओशी जा आणि माइकचं बटण दोनदा दाब. बस्स. खुर्च्या गोल मांडल्यात, बियर उघडल्यात, पॉप मला हाका मारतायत आणि मी पुढच्या सीटवर रेडिओचा आवाज पूर्ण मोठा करून बसलोय. हे पत्र म्हणजे माझी बोटं तुझ्या पत्र्यावर आहेत. मी ठोकलंय. कान तिरका करून उभा आहे.

तुझ्या उत्तराशिवाय फाटकाकडे न हलणारा,
तुझाच
रीस