मामीचं कुंकू आणि तात्यारावांची कढई

मुक्काम पूर्णा, रामकिशन मामाचं घर

ती. दैवशाला मावशीच्या पायांवर परमेश्वराचा माथा. तुझे गुडघे कसे हायत, डोळ्यातलं औषध रोज टाकतीस का (डाव्या डोळ्यात, उजव्यात न्हाई), शेळी व्याली का, हे सगळं आधी कळव. इकडं तुझे बंधू रामकिशन मामा, कमलबाई मामी आणि दोन म्हशी असे चौघंही खुशाल हायत. मीही खुशाल हाय आणि, बसलेली असशील तर सांगतो, पोळ्यापासून इथंच हाय. फोनवर तू आता कुठं हायस एवढं विचारतीस आणि मी बोलायला लागलो की पोळी करपायली म्हणून ठेवून देतीस. म्हणून हे पत्र. पत्राला पोळी आडवी येत न्हाई.

विषय मामाच्या दूध केंद्राचा. रोज सकाळी लोक दूध घालायला येतात, काट्यावर कॅन ठेवला की वजन वायरीतून कॉम्प्युटरात जातं आणि चिठ्ठी निघती. हा कॉम्प्युटर चार-पाच दिवस शहाण्यासारखा चालायचा आणि मग ऐन रांगेत मुका व्हायचा. बंद करून चालू केला की पुन्हा शहाणा, पण तोवर दूध उन्हात. आणि समोरच बन्सीधरनं नवं केंद्र टाकलेलं. तो रस्त्यावर उभा राहून आमच्या रांगेला राम राम घालायचा, तब्येती विचारायचा. एकेक जण राम राम घेत घेत तिकडं सरकायला लागला. मामा म्हणले, दिवाळीपर्यंत हे नीट झालं न्हाई तर केंद्र मोडतो आन काटा विकतो. (मामा काटा विकतो म्हणले की मामी आत जाऊन देवापुढं दिवा लावती. या वेळी दोन लावले.)

मी खरं तर वाटेत जेवायला म्हणून थांबलो होतो. पुढं मला रायभान मेंढक्याकडं जायचं होतं. तो काठी न उचलता नुसत्या शिट्टीवर अख्खा कळप वळवतो, ते कसं, हे मला अजून कळलेलं न्हाई. मागं एकदा त्याच्याबरोबर पोखर्णीच्या पुढंपर्यंत चालत गेलो तरी कळलं न्हाई. त्याच्याकडं एक लंगडं कोकरू हाय, ते शिट्टी ऐकून उलटंच जातं, आणि गंमत अशी की... जाऊ दे. मी कॉम्प्युटरवर होतो.

तुला वाटंल, पॉलिटेक्निक अर्धं सोडलेल्या पोराला यातलं काय कळतंय. पण हैदराबादला मोबाईलच्या दुकानात होतो तेव्हा वरच्या खोलीतल्या एका पोरानं मला प्रोग्राम वाचायला शिकवलं, बदल्यात मी त्याला भाकरी थापायला शिकवलं. त्याच्या भाकरीचं पुढं काय झालं माहीत न्हाई, माझं वाचणं मात्र राहिलं. आणि या कॉम्प्युटरातली सिस्टीम अशी हाय की तिच्या पोटातलं सगळं लिखाण जगाला वाचायला मोकळं. त्या पोटाच्या मधोमध कर्नल असतो. कर्नल म्हणजे गावजेवणातला कोठीवाला समज, भांड्यांच्या खोलीची किल्ली ज्याच्या कंबरेला असती तो. ज्याला काम निघालं त्यानं त्याच्याकडून रिकामी जागा मागून घ्यायची आणि काम झालं की परत द्यायची. ही जागा म्हणजे मेमरी. आमच्याकडं कुणीतरी जागा घेत होतं आणि परत देत नव्हतं. द्यायला काहीच उरलं न्हाई की कोठीवाला डोक्याला हात लावून बसायचा, आणि बाहेर दूध नासायचं.

एवढं लवकर कळलं. चोर कोण ते कळंना. काट्याच्या वायरीचा कारभार बघणारं एक छोटं लिखाण कर्नलातच असतं, माझा वहीम त्याच्यावर होता. पण वाचावं तर काय, जागा घेतो, वजन वाचतो, पुढं देतो, जागा परत करतो. अगदी माळकरी. मी हार खाल्ली आणि गाडीची वेळ बघायला उठलो.

उठलो आणि माजघराच्या दारात पायाचा अंगठा कढईला आपटला. कोणती कढई ते तुला सांगायला नको. माझ्या लग्नाचं देवकार्य मामाच्या घरी ठरलं तेव्हा तूच तात्यारावांकडून आणून दिलेली, कडेवर त्यांचं नाव कोरलेली. पुढं बस्त्याच्या दिवशी सगळे कापडाच्या दुकानात आणि मी मेंढरांमागं. तात्याराव म्हणले, जो पोरगा एका जागी बसत न्हाई त्याच्या घरी माझी लेक राजेश्री काय बसंल, आणि लग्न मोडलं. लग्न झालं असतं तर सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी भांडी ज्याची त्याला गेली असती, यात आपल्याकडं कुणी चुकत न्हाई. पण मोडलेल्या लग्नाची कढई परत कुणी करायची याची रीतच न्हाई. आपल्याला न्यायला लाज, त्यांना मागायला लाज. ती वर्षभर मामाच्या दारात अंगठे फोडत बसलीय.

मी अंगठा धरून तसाच लंगडत कॉम्प्युटरकडं परत आलो. वजन नीट आलं की जागा परत जाती, हे मी वाचलं होतं. वजन आलंच न्हाई तर काय होतं, ते वाचलंच नव्हतं. तिथं ते लिखाण 'जमलं न्हाई' एवढं सांगून मागच्या दारानं पसार व्हायचं, घेतलेली जागा तशीच ठेवून. लग्न मोडलं, कढई राहिली.

आता आमच्याच काट्याचं वजन एवढं का चुकावं, तर त्याचं कारण मामी. आपण खंडेनवमीला अवजारं पूजतो, मामी काटा रोज पूजती. काट्याचं तोंड कोणतं हे तिला कुणी सांगितलं न्हाई, म्हणून वायर जिथं शिरती तेच तोंड धरून ती तिथं हळद-कुंकू लावती. (वायर काढून, आतून. मग वजन कधीकधी तिथंच अडकतं.) मी म्हणलं, मामी, वरच्या पाटीला लावा की. मामी म्हणली, "तुजं लगीन मोडलं तवा बी मी बोलले न्हाई. तू माज्या देवात बोलू नको." मामा हळूच म्हणले, तू कर्नलच दुरुस्त कर, ते सोपं पडंल.

केला. जाताना जागा परत देऊन जा, एवढ्याच अर्थाच्या दोन ओळी. लिहून झाल्या चहा निवायच्या आत, पण मान्य व्हायला दसरा गेला. असली दुरुस्ती साऱ्या जगाच्या कामाची, म्हणून ती त्या लिखाणाची राखण करणाऱ्याला मेलनं पाठवायची असती. आमचा राखणदार कुठल्यातरी थंड मुलखातला. त्यानं आधी ओळी वाकड्या म्हणून परत पाठवलं, मग कारण नीट सांग म्हणून परत पाठवलं. (सांगताना मी कोकराकडं वळलो होतो.) मग त्यानं विचारलं, आमच्याकडं हा काटा वर्षानुवर्षं न चुकता चालतो, तुमच्याकडं तो इतक्या नेमानं कसा चुकतो. मी कुंकवाचं सगळं सविस्तर लिहिलं. मग उत्तर आलं, की चूक घडवून बघायला ही युक्ती फार उपयोगी हाय, त्या पावडरचं नाव पुन्हा एकदा कळवावं.

दुरुस्ती घेतली, मावशे. तिकडं अशीही रीत हाय की चूक ज्याच्यामुळं उघडकीला आली त्याचं नाव दुरुस्तीखाली घालायचं. मी कमलबाई घातलं. मामीनं आधी पगार विचारला, न्हाई म्हणल्यावर नाव बघायला जवळ आली आणि स्क्रीनला कुंकू लावून गेली. तेव्हापासून कॉम्प्युटर एकदाही मुका झाला न्हाई. वजन अजून मधूनमधून चुकतं, तेव्हा कॅन उचलून परत ठेवायचा, बास. रांग परत आलीय. बन्सीधर परवा राम राम घालायला आला तो, माझ्याबी कॉम्प्युटरच्या डब्याकडं जरा बघ, असं म्हणून गेला. मामांनी काटा विकायचं नाव काढलेलं न्हाई, उलट सकाळचं केंद्र माझ्यावर सोडलंय. रायभान मेंढरं घेऊन दारावरून गेला तेव्हा त्यानं शिट्टी मारली. मी हात केला आणि चिठ्ठ्या काढत बसलो. लय बरं वाटलं.

तुझा,
परमेश्वर

ता. क. कढई चिंचेनं घासून ठेवलीय. चूक कळल्यावर ती तशीच दारात ठेवणं बरं दिसंना. मी स्वतः तुमच्या राणीसावरगावला घेऊन येतो म्हणतो. तू फक्त तात्यारावांच्या कानावर घाल की पोरगा पोळ्यापासून एका जागी हाय. शिट्टीचं काढू नको.

ता. क. राजेश्री शिवणक्लासहून घरी कधी येती ते माझं नाव न घेता विचार. कढई जड हाय, घरी माणसं असलेली बरी.

ता. क. खरं विचारायचं ते हेच. कर्नलात परत आलेली जागा कोठीवाला दुसऱ्याला देऊन टाकतो. मग पहिल्यानं तिथं पुन्हा जाऊन बसणं ही परत न करण्यापेक्षाही मोठी चूक, त्यात सगळंच कोसळतं. म्हणून तिचं दुसरीकडं कुठं ठरलं असंल तर आधी कळव. मी कढई एसटीत कंडक्टरजवळ देतो आणि येत न्हाई. ठरलं नसंल तर येतो. तुझं उत्तर येईपर्यंत मी इथंच हाय. (हे मामांना वाचून दाखवलं, तर म्हणले, दैवशाला विश्वास ठेवायची न्हाई, आण इकडं पेन.)

पोरगं हितंच हाय. म्हशीबी ओळखायल्यात. रामकिशन.