तिथे परीक्षा पुन्हा देता येते

बाबा, तुम्ही आज समोर असता तर मी काय बोलले असते, याची मलाच खात्री देता येत नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटून गेली. गेलेल्या माणसावर राग धरू नये असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. माझा राग तुमच्याबरोबर गेला नाही, तो इथेच राहिला, आणि परवापासून तर त्याने घर डोक्यावर घेतलं आहे. मराठीत लिहिते आहे, कारण घरात मराठीच बोलायचं हा नियम तुमचा. ऑफिसात माझं सगळं इंग्रजीत निभतं, पण भांडायला मला अजून हीच भाषा लागते.

परवा झालं ते असं. माझ्या छातीत एक गाठ निघाली आहे. लवकर सापडली, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि ऑपरेशन येत्या बुधवारी ठरलं. तुमची नात, जिला तुम्ही कधी पाहिलंच नाहीत, ती सध्या एका सेमिस्टरसाठी इटलीत, तोरिनोला शिकते आहे. मी पोळ्यांची कणीक मळत होते. तिला फोन कधी करायचा असं मी तुमच्या जावयाला विचारलं, तर तो अगदी शांतपणे म्हणाला, “अगं, तिच्या ओरल्स चालू आहेत. आत्ता कशाला टेन्शन द्यायचं तिला? परीक्षा झाली की सांगू.” तो भला माणूस आहे, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कणकेची परात मी सिंकमध्ये आपटली. त्याला काय माहीत की ते वाक्य त्याचं नव्हतंच, तुमचं होतं.

मी स्वतः इटलीत, बोलोन्याला शिकत होते तेव्हाची गोष्ट आहे, आणि ती तुम्हाला माझ्या बाजूने कधी ऐकावी लागली नाही. आज ऐका. आम्ही तिघी मुली एका चौथ्या मजल्यावरच्या घरात राहायचो. लिफ्ट नाही, ड्रायर नाही, बाथरूममध्ये दोरी बांधून कपडे वाळत घालायचे आणि पावसाळी आठवड्यात जीन्स तीन दिवस ओलीच. स्वयंपाकघर इतकं अरुंद की एकीने ओव्हन उघडला की दुसरीने बाहेर जायचं. सकाळी मी विद्यापीठात जायची ती कमानींच्या खालून, त्या शहरात फुटपाथांवर छपरं आहेत, छत्री लागतच नाही. दुपारी लायब्ररीत जागा धरून ठेवायला एखादी वही टाकून जायचं आणि कोपऱ्यावर उभ्याउभ्या कॉफी घ्यायची. बसून घेतली तर जास्त पैसे. गावात एक उंच मनोरा आहे. पदवी मिळायच्या आधी त्यावर चढलं तर पदवी मिळत नाही, असं तिथली मुलं मानतात. हे मी तुम्हाला फोनवर हसत हसत सांगितलं, तर तुम्ही, मशीनचे नट-बोल्ट मोजणारे इंजिनिअर, गंभीर आवाजात म्हणालात, “बरोबर आहे. मग नको चढूस.” मी आजपर्यंत चढले नाही. बघा तुमचा दरारा.

माझ्याबरोबर राहणाऱ्या मुलींपैकी एक खाली इटलीच्या दक्षिणेकडची होती. तिची आई दर पंधरवड्याला बसने खोकं पाठवायची: तेल, सुके टोमॅटो, घरचं चीज, मध्ये कोंबलेले मोजे. आणि रोज फोन. रोज! घरातलं काहीही त्या बाई लपवत नसत. मावशीचं भांडण, वडिलांचं पोट, शेजारणीच्या मुलीचं मोडलेलं लग्न, सगळं फोनवर जोरजोरात. मला हसू यायचं. एकदा तिची आजी घसरून पडली, तर आईने फोनवर रडून सांगितलं, आणि ही पोरगी परीक्षा दोन दिवसांवर असताना बॅग भरून गाडीत बसली. मी म्हटलं, “अगं, परीक्षा?” ती म्हणाली, पुढच्या महिन्यात देईन. आणि तिने खरंच पुढच्या महिन्यात दिली. हे वाक्य नीट वाचा, बाबा. तिथे परीक्षा पुन्हा देता येते. जूनमध्ये नाही जमली तर जुलैत, जुलैत नाही तर सप्टेंबरमध्ये. वर्ष जात नाही, कपाळावर शिक्का बसत नाही. मास्तर तोंडी परीक्षा घेतात, मार्क सांगतात आणि वर विचारतात, हे मार्क घेणार का? नको असले तर विद्यार्थी नाही म्हणतो आणि पुन्हा येतो. एका अख्ख्या देशात पोरांना इतकं विचारतात. आपल्या घरात कुणी काही विचारायची पद्धत नव्हती.

रविवारी माझी संध्याकाळ आणि तुमची सकाळ. कोपऱ्यावरच्या फोनच्या खोपट्यात मी फोनकार्डाचा कोपरा मोडून ते आत सरकवायची आणि अमेरिकेत, शॉमबर्गला आपल्या घरी फोन लावायची. मार्चपर्यंत आई उचलायची. मग तुम्ही उचलायला लागलात. आई देवळात गेलीये. आई त्या अमक्या काकूंकडे गेलीये. आई झोपलीये. सकाळी अकरा वाजता झोपलीये! साडेपाचला उठून, बँकेत काउंटरवर जायच्या आधी स्वयंपाक करून जाणारी बाई ती. मला शंका का आली नाही? कारण तुम्ही कधी खोटं बोलला नव्हतात. खोटं बोलायचं तर माणसाने आधी थोडा सराव करावा, म्हणजे ऐकणारा सावध राहतो. तुम्ही आयुष्यभर खरं बोलून जी पत कमावली होती ती सगळी त्या तीन महिन्यांत माझ्यावर खर्च केलीत.

आईशी शेवटचं बोलले तेव्हा तिचा आवाज बसलेला होता. “सर्दी गं,” म्हणाली. “पोळ्या करतेस का तिकडे, की नुसता पास्ताच?” मी म्हटलं, लाटणं नाही, वाइनच्या बाटलीने लाटते. ती हसली आणि त्या हसण्याचा खोकला झाला. मग म्हणाली, “बरं, ठेवते. कार्ड संपेल तुझं.” बस्स. एवढंच. तिच्या मनात मला सांगायचं होतं की नाही, ते तिलाच माहीत. तुम्ही नंतर म्हणालात, तिचीच इच्छा होती. असेल. आईवर मला रागावता येत नाही, म्हणून तिच्या वाटणीचंही तुमच्यावरच काढते आहे. झेला.

आणि तो जूनमधला रविवार. बाजारात चेरी आल्या होत्या, मी कागदाच्या पुडीतून खात खात बोलत होते. एका गल्लीत एक म्हातारा हाताने सँडल्स शिवून देतो, आईसाठी घेते, तिच्या पायाचं माप सांगा, असं मी तुम्हाला म्हटलं. तुम्ही जराही अडखळला नाहीत. “सात,” म्हणालात. “पण जरा रुंद घे. हल्ली पायाला सूज येते तिच्या.” बाबा, आईला जाऊन तेव्हा दोन दिवस झाले होते. शुक्रवारी ती गेली, शनिवारी तुम्ही तिला पोचवून आलात, आणि रविवारी मला मापं सांगत होतात! मी हजार वेळा विचार केला आहे की फोन ठेवल्यावर तुम्ही काय केलंत. रडलात का? की पुढचं काम हातात घेतलंत? मला तुमची दया यायला हवी, एवढं मला समजतं. ती येते सुद्धा, आणि मग ते ‘रुंद घे’ आठवतं की सगळी निघून जाते.

त्या आठवड्यात माझी परीक्षा झाली. वर्गात मागे दहा-बारा जण ऐकत बसलेले, पुढे टेबलापाशी मी, आणि मी त्या मास्तरांना घुमटाचं वजन खाली कसं उतरतं ते हातवारे करून सांगते आहे. मोठ्या उत्साहात. मी घरी फोन केला. “किती?” तुम्ही विचारलंत. अठ्ठावीस. “तीसपैकी ना? छान. आता असं कर, तिकीट बदल आणि घरी ये. आईला जरा बरं वाटत नाहीये.”

विमानतळावर तुम्ही आला नव्हतात, समोरच्या गल्लीतले काका आले होते. मी विचारलं, आई कशी आहे? ते म्हणाले, “आहे, आहे. प्रवास कसा झाला?” आणि त्यांनी रेडिओ लावला. अख्ख्या रस्त्यात ते ट्रॅफिकवर बोलत होते. आपल्या दारात चपलांचा हा ढीग. आत साताठ काकू, कुणी डबे घेऊन आलेल्या, कुणी भांडी घासत होत्या, आणि मी आत शिरताच सगळ्यांच्या माना खाली. जेवणाच्या टेबलावर आईचा फोटो होता आणि फोटोला हार. मला कुणी सांगितलंच नाही, बाबा. मला हाराने सांगितलं. आईचं आजारपण अख्ख्या शॉमबर्गला तीन महिने माहीत होतं. त्या काकूंपैकी एकीला मी मे महिन्यात वाढदिवसाचा फोन केला होता, तीसुद्धा मूग गिळून बसली होती. सगळ्यांनी आईचे हात हातात घेतले, तिला पेज भरवली, तिच्या केसांवरून हात फिरवला. मी सोडून सगळ्यांनी.

त्या सँडल्स मी तुमच्या अंगावर फेकल्या. काकूंच्या देखत. एक तुमच्या खांद्याला लागली. तुम्ही ती उचललीत, दुसरीच्या शेजारी नीट ठेवलीत आणि म्हणालात, “तुझं वर्ष वाया गेलं असतं.” तेव्हा मी किंचाळून तुम्हाला सांगितलं की तिथे परीक्षा पुन्हा देता येते, महिन्याभरात देता येते, काही वाया जात नाही. तुमचा चेहरा पांढरा पडला. माझ्या मनातून तो अजून जात नाही. आणि मग तुम्ही अगदी हळू म्हणालात, “हे मला कुणी सांगितलं नाही.”

तुम्ही! तुम्ही म्हणालात, कुणी सांगितलं नाही!

त्यानंतर चार वर्षं तुम्ही होतात आणि आपण दोघांनी त्या विषयावर मिठाची गुळणी धरली. मी सुट्टीत यायची, तुम्ही गाडीत तेल भरून ठेवायचात, टायर तपासायचात, दोघं मिळून वरण-भात खायचो. मग एका सकाळी ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये तुम्ही गाडीतच गेलात. ते मात्र मला तासाभरात कळलं. तुमच्या ऑफिसातल्या अमेरिकन बाईने फोन करून सरळ सांगितलं. मी तिचे आभार मानले, अगदी मनापासून.

तर परवा परात धुऊन झाल्यावर मी तुमच्या जावयाला बसवून हे सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पूर्ण सांगितलं. तो म्हणाला, “ओके. लगेच कॉल कर तिला. तिचं तिला ठरवू दे.” मी व्हिडिओ लावला. ती स्वयंपाकघरात होती, मागे कुणीतरी इटालियनमध्ये भांडत होतं. मी काही लपवलं नाही. गाठ, बुधवार, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते, सगळं. तिचे डोळे भरले. “आई, आर यू स्केअर्ड?” तिने विचारलं. मी हो म्हटलं. हेसुद्धा या घरात पहिल्यांदाच कुणी म्हटलं असेल. मग म्हणाली, “गुरुवारी माझी ओरल आहे. म्हणजे, आय कॅन टेक द नेक्स्ट वन. पण आत्ता सगळं रेडी आहे ना. मी फ्रायडेला निघाले तर चालेल?”

चालेल, म्हटलं मी. अगदी हसून म्हटलं. आणि फोन ठेवल्यावर मला त्या पोरीचा असा राग आला की काय सांगू. बुधवारी ऑपरेशन, आणि ही शुक्रवारी निघणार! नवरा म्हणाला, “अगं, तूच तिला चॉइस दिलास.” हो, दिला. बरोबरच केलं आणि पुन्हा करेन. तिला आयुष्यात कधी कुणाच्या अंगावर सँडल्स फेकाव्या लागणार नाहीत. पण चॉइस दिला की समोरचा तो घेतो, याची मला तयारी नव्हती.

कालपासून मी ते घोळवते आहे. इतकी वर्षं मी ज्याला त्याला सांगत आले की मला नुसतं कळवलं असतं ना, तर मी मिळेल त्या विमानाने आले असते. पण मी ती मुलगी आठवून बघते आहे, एकवीस वर्षांची, घुमटांत बुडालेली, सगळं तोंडपाठ असलेली, त्या शहरावर जीव जडलेली. तुम्ही तिला म्हणाला असता, आईला बरं नाही, तर तिने विचारलं असतं, कितपत बरं नाही? आणि मग विचारलं असतं, परीक्षा देऊन निघाले तर चालेल का? तुम्ही मला विचारलं नाहीत, म्हणून मी कशी मुलगी होते हे मला कधी कळणार नाही. माझा सगळा राग याचा आहे, आणि तो मी सोडणार नाही.

हे पत्र लिहून तुमच्या फोटोपुढे ठेवायचं, असं मनात होतं. ठेवत नाही. कारण बहुधा मीही शुक्रवारच म्हटला असता, बाबा, आणि तुम्हाला ते तेव्हाच ठाऊक होतं की काय, हे मला तुम्हाला विचारायचं नाही.