ताईचं दार

हेगार्थ शेत, ४ मार्च १९७८

ती. विनीताईस,
एडविनचा शि. सा. न. वि. वि.

गाई नव्या गोठ्यात हलवल्या. घराच्या उताराकडच्या टोकाची त्यांची जागा आता मोकळी आहे. तिथे तुझ्यासाठी दोन खोल्या काढतो. दोन हात रुंद दगडी भिंती आहेत, वारा काय बिशाद आत येईल. जॉर्जभावजी गेल्यापासून तू लीड्सच्या भाड्याच्या खोलीत एकटी असतेस, ते मला बघवत नाही. मॉड म्हणते, वन्संना सांगा, गाईंचा वास गेलाय. निदान आपल्याला तरी येत नाही.

लोभ आहेच, तो घेऊन इकडे ये.
तुझा, एडविन

लीड्स, ११ मार्च

चि. एडविनास अनेक आशीर्वाद.

बहिणीसाठी गोठाच सुचला का रे तुला? पत्र वाचून आधी हसले, मग रडले. यावंसं फार वाटतं. पण त्या जागेला दार एकच, तेही मधल्या बोळात. येता-जाता मॉडच्या स्वयंपाकघरावरून जायचं, तिने प्रत्येक वेळी किटली चढवायची. ती चांगली आहे, म्हणूनच धास्ती वाटते. तिच्या संसारात मी कायमची पाहुणी होणार नाही. माझं वेगळं दार असेल तर येते. नाहीतर इथेच बरी आहे.

रागावू नकोस. मॉडवर माझी माया आहे, तिला सांग.
विनीताई

हेगार्थ, २ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न.

कचेरीतले साहेब येऊन गेले. जतन करायचं म्हणून सरकारदरबारी नोंदलेलं जुनं घर, भिंतीला नवं भोक पाडायचं नाही म्हणाले. जुनं बुजवलेलं दार सापडलं तर मात्र खुशाल उघडा. मी घराच्या लांब बाजूच्या भिंतीत एक बुजवलेली जागा हेरून फोडली, तर ती शेण बाहेर फेकायची खिडकी निघाली! रांगत येणार असलीस तर तयार आहे. मॉड हसून हसून खाली बसली. मला मात्र रडू आलं, ताई.

तुझा लोभ आणि डोकं, दोन्ही हवंय.
एडविन

लीड्स, ६ एप्रिल

चि. एडविनास आशीर्वाद आणि एक धपाटा.

आजोबांनी शिकवलेलं विसरलास? भिंत रचताना खालच्या सांध्यावर वरचा दगड बसवतात. सांधे एकावर एक सरळ उभे आले, की समजायचं, तिथे कधीतरी उघडं होतं. पण दारासाठी ती रेघ थेट जमिनीपर्यंत यायला हवी; तुझी मध्येच थांबली असणार. टोकाच्या भिंतीवरचा चुना खरवडून बघ. उन्हं कलल्यावर बघ, म्हणजे रेघ दिसेल. नाहीच सापडली, तर जिवाला लावून घेऊ नकोस.

जपून राहा, पत्र पाठव.
विनीताई

हेगार्थ, ३० एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

सापडलं! दोन्ही रेघा थेट जमिनीत, वर अखंड दगडाची तुळई. चिणलेले दगड काढले, तर उंबरा मधोमध झिजून खोलगट झालेला. आपल्याआधी किती माणसं तिथून गेली असतील कोण जाणे. साहेबांनी मान डोलावली आणि सुताराने ओकचं दार बसवलं. बोळाकडच्या दाराला कडी तुझ्या बाजूने लावली आहे.

आता सबबी पुरे. माया तशीच ठेव, फक्त सामान बांध.
तुझा, एडविन

ता. क. काल मॉड बोळातून न जाता घराला वळसा घालून गेली आणि तुझ्या नव्या दारावर टकटक करून थांबली. मी म्हटलं, अगं, आत कुणी नाही. म्हणाली, ठाऊक आहे, वन्सं येईपर्यंत सवय करतेय.