पिंपळाच्या वळणावरील रेंजबाबत

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
रस्ता अपघात चौकशी कक्ष (घाट विभाग), महाड.

विषय : माझ्या मयत पत्नीवर ठेवलेला बेसावधपणाचा ठपका काढून टाकणेबाबत.
संदर्भ : आपला चौकशी अहवाल.

महोदय,

मी खाली सही करणार, राहणार पिंपळकोंड, वरंधजवळ. आमच्या कोंडात घरोघरी मोबाइल आहेत, रेंज मात्र फक्त पिंपळाच्या वळणावर येते. मुंबईच्या मुलाबाळांशी बोलण्यासाठी अख्खा कोंड तिन्हीसांजेला तेथे रस्त्याकडेला उभा असतो. माझी पत्नी तुळजाबाई हीदेखील पांढऱ्या पट्ट्याच्या आत उभी राहून मुलगा राजेश याच्याशी बोलत होती. "बोल रे, आता ऐकू येतंय, मगाशी नाय येत होतं," हे तिचे शेवटचे शब्द.

घाटात मोटारींत बसवलेल्या टचस्क्रीनच्या पडद्यांचीही रेंज जाते व ह्याच वळणावर परत येते. जीपवाला रितेश याने आपणांस सांगितलेच आहे, "सायेब, घाटात गप बसलेला गाडीतला पडदा हितं आला का सगळं एकदम ओकतो." त्या सांजेला घाटातून आलेल्या अपघातातील मोटारीचा पडदाही तुंबलेले मेसेज मोठ्याने वाचू लागला. लक्ष विचलित होऊ नये म्हणून तो बंद करण्यास पडद्याकडे पाहिले, असे चालकाने स्वतःच जबाबात म्हटले आहे. तेवढ्यात गाडी पट्टा ओलांडून तुळजाबाईच्या अंगावर आली. ती जागीच गेली.

पडद्याकडे पाहणे ही आपण चालकाची 'दक्षता' म्हणून नोंदवली आहे. त्याच्या हातात मोबाइल नव्हता, तुळजाबाईच्या हातात होता, एवढ्यावर निकाल लागला. धन्य आहे! गाडीत बसवलेला फोन हा फोन नसतो, हे आम्हा अडाण्यांस ठाऊक नव्हते. असते तर तिच्याही कपाळावर एक पडदा बसवून दिला असता.

तरी वळणाआधी 'पुढे रेंज आहे, वाहने सावकाश हाका' असा फलक लावावा. ते जमत नसल्यास तेथील रेंज काढून घ्यावी. आम्ही पूर्वीसारखे येणाऱ्याजाणाऱ्याजवळ निरोप देऊ.

तेही जमत नसेल तर राहू द्या. पण 'मयत फोनवर बोलत असल्याने अपघात घडला' हे वाक्य तेवढे खोडा. राजेशने ते वाचले आहे. "आबा, फोन मीच लावला होता," एवढे बोलून तो मुंबईस गेला, तो गेलाच. मी रोज तिन्हीसांजेला फोन घेऊन त्या वळणावर उभा राहतो. येणाऱ्या प्रत्येक गाडीत कुणाचा ना कुणाचा फोन वाजतो. माझा वाजत नाही.

उत्तर टपालाने पाठवावे.

आपल्या दारी पुन्हा आलेला,
(सही)
कुशाबा मालोजी शेडगे
दि. १२ फेब्रुवारी २०२५

सोबत : अहवालाची प्रत, सदर वाक्याखाली रेघ मारून.