सुजयच्या अंगातलं आवण

पेण

चि. सुजय यास आतोबाचे पोतंभर आशीर्वाद.

तुझी कंबर, समीक्षाची सर्दी आणि तुमची ती रुसलेली म्हैस बरी असतील असं धरून चालतो. इकडे तुझी बहीण वैशाली ठीक. तुझी आत्या मला सकाळपासून बोलते आहे, म्हणजे तीही ठणठणीत.

वैशालीच्या किमयाचं म्हणशील, तर पोर चार वर्षांची झाली तरी आतड्याची आग शमत नाही. आजार जन्मासोबतच आलेला, दोष रक्ताच्या पेशींतच, खाल्लेलं अंगी लागत नाही. दुपारी पोह्यांच्या गिरणीत भट्टीच्या उबेला माझा डोळा लागतो (मालकाला तेवढी सवलत आहे) आणि रोज तेच दिसतं. पोर पोह्यांच्या ढिगावर बसून मुठीमुठीने खाते आहे, ढीग सरत नाही, पोट दुखत नाही, धुक्यासारखी वाफ तरंगते आहे. मग कोणीतरी गिरणी बंद करतं आणि त्या शांततेनेच मला जाग येते.

आता त्या फोनविषयी. तू तपासायला दिलेला रक्ताचा नमुना किमयाशी पूर्ण जुळला (आईबापाचा निम्माच जुळतो). मूळ पेशी तुझ्याच हव्यात, हे मी समीक्षाला मोठ्या हुशारीने शेतीत समजावलं. आधी औषधाने किमयाचं खाचर मोकळं करायचं, मग सुजयच्या अंगातलं आवण तिथे लावायचं. पण आवणातली भाताची रोपं मुळासकट उपटतात, हे रोह्याच्या सुनेला मी काय शिकवणार? पलीकडून आवाज आला, "मंग आमचा वाफा बोडका ठेवायचा काय?" आणि फोन बंद. बातमी रोह्याहून गाडीत बसून निडी स्टेशनला पोचली, कासूला उतरली तोवर तू अंथरुणाला खिळला होतास, आणि पेणच्या बाजारात ओळखीतल्या केरूने मला हळूच विचारलं, पोरगा शुद्धीवर हाय ना.

तर, उपटत नाहीत. आधी काही दिवस इंजेक्शनं देतात, त्याने हाडं ठणकतात. मग खाटेवर निजवून एका हातातून रक्त घेतात, यंत्र पेशी वेचतं, उरलेलं दुसऱ्या हातातून परत. वाफा आपोआप भरतो.

समीक्षाची भीती गेली की कळव.

तुझा,
दत्तात्रेय आतोबा

ता.क. हे पत्र समीक्षाला वाचायला दे.

आणखी ता.क. एवढं मात्र फाडून ठेव. पोती वाहण्यापासून मालकीपर्यंत माझं आयुष्य गिरणीच्या खडखडाटात गेलं, तरी कान शाबूत आहेत. फोनवरचा तो आवाज समीक्षाचा नव्हता, तुझा होता. मंगळवारी गाडी घेऊन येतो. नाही म्हणालास तर चहा पिऊन परत जाईन. पण नुसतं भ्यायला होत असेल, तर किमयाही रोज भिते. सुई आली की माझं बोट धरते. माझा दुसरा हात मोकळाच असतो.