शेऱ्याच्या रकान्यात

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे, लेक-जावईही मजेत. तुझा गुडघा काय म्हणतो?

नातीच्या शाळेने इथल्या एका कारखान्याशी ठरवून दहावीच्या मुलांना आठवड्यातून दोन दिवस तिथे काम शिकायला धाडलंय. काल तिची नोंदवही चाळली. वर्गातले मुलगे लोखंड कातायचं लेथ मशीन चालवतात आणि आमची पोर सहा आठवडे फायली लावतेय!

“तुला मशीन का देत नाहीत गं?”

“मुलींना नंतर देणार म्हणालेत. असू दे ना आजी.”

असू दे काय? पालकांच्या शेऱ्याच्या रकान्यात मी, आपल्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी छड्या मारून वळवलेल्या अक्षरात लिहिलं, ‘मुलीला मशीनवर उभी करा. फायली ती घरीही लावते.’ खाली सही ठोकली.

सकाळी तिने ते वाचलं. “मला काढून टाकलं तर तू आणून देणारेस लेथ?” एवढं सुनावून वही घेऊन तणतणत कारखान्यात गेली.

चुकलं का गं माझं? खरं सांग, उगाच ताईचं मन राखू नकोस.

मघापासून तीनदा गॅलरीत जाऊन आले. पाचला येईल. माझ्याशी बोलली नाही तरी चालेल, पण हात तेलाने काळे असू देत.

तुझी,
ताई