दोन दगडांची पाणंद

बोरवाडी, ता. राहुरी
१२ फेब्रुवारी २०२५

चि. राधाकृष्णास आक्काचे अनेक आशीर्वाद.

श्रीगोंद्याला कारखान्याचा हंगाम चालू, म्हणजे तुला जेवायलाही सवड नसणार, हे मी धरूनच चालते. सोबत एक कागद आहे. फोनवर तू "हो आक्का, हो आक्का" म्हणतोस आणि विसरतोस, म्हणून पोस्टाने पाठवतेय. सही करून लगेच परत धाड.

आपली नदीची पाणंद मोकळी करायची आहे. दोन्ही बाजूंच्या ऊसवाल्यांनी दरवर्षी नांगराची एकेक सरी आत सरकवली आणि गाडीवाटेची पायवाट करून टाकली. त्यात वेड्या बाभळी. आबांना नदीवर नेलं तेव्हा खांदेकरी गुडघाभर चिखलात घसरले, तिरडी कलली. ते मी विसरलेले नाही. ग्रामपंचायतीत निवडून आले तर पहिलं काम हे, असं तेव्हाच ठरवलं होतं.

इतकी वर्षं नूरमहंमदभाई एकटेच घमेलं-फावडं घेऊन तिथले खड्डे बुजवत आले. आता जेसीबी येणार. ठेकेदार करणशेठ फुकट देतायत. माझा सुनील हल्ली त्यांच्याकडेच मोठ्या गाडीवर आहे, त्यानेच शब्द टाकला. पोरगं मार्गी लागलं बघ.

अडचण एकच. पाणंदीच्या तोंडाशी आबांनी रोवलेले ते दोन दगड तुझ्या बांधावर येतात. मधून बैलगाडी जाईल एवढंच अंतर, जेसीबी शिरत नाही. ते काढायला तुझी संमती लागते. काल नूरभाई घरी येऊन सांगून गेले, "बाई, दगड ठिवा. काम हळू हुईल, पन दगड ठिवा." म्हातारी माणसं जुन्याला धरून बसतात. तू बसू नकोस.

तुझी,
आक्का

बोरवाडी
५ मार्च २०२५

चि. राधाकृष्णास आशीर्वाद.

तुझी सही वेळेवर मिळाली. पाणंद मोकळी झाली. तोंडाशी उभं राहिलं की थेट नदी दिसते. नारळ मी फोडला. पहिल्या दिवशी बायका चपला न काढता नदीपर्यंत जाऊन आल्या, मला तर रडूच आलं.

आबांचे दगड कुठे ठेवले, असं विचारलंस. ओढ्याच्या कडेला असावेत. बघते.

एक सांगायचं होतं. चौथ्या दिवसापासून पाणंदीतून डंपर जातात. दिवसाढवळ्या, सगळ्यांदेखत. जाताना रिकामे, येताना वाळूने भरलेले, मागे पाणी गळत. नदीकाठच्या दोन विहिरी खाली गेल्या. करणशेठना विचारलं तर हसले. म्हणाले, "आक्का, वाट सार्वजनिक हाय. तुमीच केली की."

नूरभाई रोज चाकांच्या चाऱ्या बुजवतात आणि वाटेत बाभळीच्या फांद्या आडव्या टाकतात. डंपर त्यांच्यावरून जातात. म्हटलं, सोडा आता. तर म्हणाले, "तुमी वाट केली. राखायला कुनी नको व्हय?"

सुनील बरा आहे. तू इतक्यात येऊ नकोस, कारखान्याचं बघ.

तुझी,
आक्का

बोरवाडी
२० मार्च २०२५, गुरुवार

राधू,

आशीर्वाद आज शेवटी देते. आधी सांगायचं ते सांगते.

नूरभाई बांधावरून घसरले, असं मी तुला फोनवर सांगितलं. पंचनाम्यावरही सदस्य म्हणून माझी तशीच सही आहे. ते खोटं आहे. दगड ओढ्याच्या कडेला आहेत, हेही खोटं होतं. ते फोडून पाणंदीतच खडी म्हणून घातले. माझ्यासमोर घातले आणि मी गप्प बसले.

मंगळवारी, अकरा तारखेला, नूरभाई वाटेत फांदी ओढत होते. मी त्यांना समजवायला निघाले होते, पंचवीसेक पावलांवर पोचले असेन. हॉर्न वाजला. त्यांनी हात वर केला. डंपर थांबला नाही. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

गाडीवर कोण होतं, ते सकाळपासून तीनदा लिहून खोडलं. सुनील होता.

घरी आला आणि म्हणाला, "आई, शेटनी सांगितलं हुतं, कुनी आडवं आलं तरी थांबायचं न्हाई." मग जेवायला बसला. मी वाढलं, राधू. आणखी भाकरी हवी का, असंही विचारलं.

दवाखान्यात नूरभाईंचा जबाब घेतला तेव्हा मी खाटेशी उभी होते. माझ्याकडे बघत म्हणाले, "पाय घसरला, सायेब." लहानपणी सुनीलला त्यांनी खांद्यावर बसवून नदी दाखवली होती. माझी मान वर झाली नाही. तशीच सही केली.

परवापासून त्यांची बायको मुमताज रोज सकाळी येऊन पाणंदीच्या तोंडाशी बसते. उजवा दगड होता, बरोबर त्याच जागी. डंपर तिला टाळून डावीकडून जातात. काल उन्हाचं मी पाणी घेऊन गेले, मग आठवलं, रोजे चालू आहेत. तांब्या हातात तसाच राहिला. मला वाटलं, शिव्या देईल. ती एवढंच म्हणाली, "दगड दोन हुते, विजाबाई."

रात्रभर डोळा लागला नाही. पहाटे उठून अर्ज लिहिला. पंचनाम्यावर मी खोटी सही केली, आणि जे पाहिलं ते सगळं, नावासकट. त्याची एक प्रत या पत्रात घातली आहे. दुसरी मी संध्याकाळी स्वतः चौकीत देईन. मला जमलं नाही, तर तुझ्याकडची तू द्यायचीस. भाचा म्हणून मागे ठेवू नकोस.

आता सव्वादहा झालेत. पत्र पोस्टात टाकून मी डाव्या बाजूला जाऊन बसणार आहे. आम्हा दोघींच्या मधून बैलगाडी जाईल, चालणारी माणसं जातील. डंपर जाणार नाही.

अकराला पहिली गाडी येते. ती सुनीलची असते. त्याला मी काही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर तो आज घरी बसला असता आणि शेठने दुसऱ्या कुणाला धाडलं असतं. मला भीती वाटते, राधू, खूप वाटते. पण तो आईपाशी थांबतो की नाही, हे मला बघितलंच पाहिजे.

तुला उदंड आयुष्य लाभो. सुनीललाही.

डाव्या दगडाच्या जागी निघालेली,
तुझी आक्का
विजयमाला